लोण्याखालची मूर्ती

१

बसवनगुडीच्या टेकडीवरील नंदीसमोर उभा राहणारा माणूस आपण शिल्प पाहतो आहोत की देव, असा प्रश्न सहसा स्वतःला विचारत नाही. हा प्रश्न पडतो तो विद्यापीठातून आलेल्या माणसाला, आणि त्यालाही बहुधा देवळाबाहेर पडून पायऱ्या उतरताना. प्रत्यक्ष समोर असताना सुमारे १५ फूट उंच आणि २० फूट लांब अशी ती अखंड शिळा विचाराला फारशी सवड देत नाही. गाभारा मूर्तीने जवळजवळ भरून गेला आहे. मागे सरून सारा नंदी एका दृष्टिक्षेपात घेण्याची सोय नाही. समोरून मुख दिसते आणि उरलेले शरीर प्रदक्षिणा घालताना, चालत चालत, क्रमाने उलगडते. मूळची करड्या रंगाची शिळा कोळसा आणि तेल यांच्या वर्षानुवर्षांच्या लेपांनी काळीभोर झाली आहे. म्हणजे आज दिसणारा नंदी हा केवळ कोणा एका शिल्पकाराच्या छिन्नीचे काम नव्हे. त्याच्या रंगात पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुजाऱ्यांचा हात मिसळला आहे, आणि त्या हातांपैकी एकालाही आपण कलाकृतीत भर घालीत आहोत असे वाटले नसावे.

परंपरा या देवळाचे कर्तृत्व बंगळूरचा संस्थापक केंपेगौडा याच्याकडे देते. दंतकथा मात्र राजाला बाजूला ठेवून शेतकऱ्याला पुढे आणते. सुंकेनहळ्ळी नावाच्या या जागी भुईमुगाची शेते होती. रात्री एक बैल येऊन पीक खाऊन जाई. चिडलेल्या शेतकऱ्याने त्याला मारले आणि बैल जागच्या जागी दगड झाला. पुढे तो दगड वाढू लागला. घाबरलेल्या लोकांनी शंकराचा धावा केला, नंदीच्या मस्तकावर त्रिशूळ ठेवला आणि वाढ थांबली. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी या रस्त्यावर आजही भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठेची गर्दी सोडून वसलेल्या या नव्या वस्तीने बैलाच्या देवळाचे नाव घेतले. ‘बसवन गुडी’ म्हणजे बैलाचे देऊळच. त्या दिवशी शेंगांचे ढीग, गिऱ्हाइके, टरफले आणि दर्शनाची रांग यांचा एकच मेळ जमतो. कथेतील अपराध, त्याचे प्रायश्चित्त आणि बाजारहाट ही तिन्ही एकाच रस्त्यावर सुखाने नांदतात.

याच टेकडीच्या पायथ्याशी दोड्ड गणपती, म्हणजे मोठा गणपती आहे. त्याची ‘बेण्णे अलंकार’ ही पूजा विशेष प्रसिद्ध आहे. ‘बेण्णे’ म्हणजे लोणी. त्या दिवशी मूर्ती लोण्याने लिंपून काढतात, आणि पाषाणात कोरलेला आकार एका पांढऱ्या, मऊ, काहीशा ओबडधोबड आकाराखाली नाहीसा होतो. मूर्तिकाराने साधलेली रेषा, सोंडेचे वळण, पोटाचा घाट यांतले मूळचे असे काही दिसत नाही. दिसते ते लोणी लावणाऱ्याच्या बोटांनी नव्याने उभे केलेले रूप. मग ते उतरवले जाते आणि पुन्हा दगड दिसू लागतो. भक्ताच्या दृष्टीने मूर्तीचे सौंदर्य लोण्याखाली झाकले गेलेले नसते. ते त्या दिवशी पूर्ण झालेले असते.

या पायथ्याशी कलासमीक्षकाची खरी परीक्षा आहे. त्याने काय पाहावे? लोण्याखालच्या दगडाचा आकार आठवून त्याविषयी बोलावे, लोण्याविषयी बोलावे, की ‘हे माझ्या शास्त्राचे क्षेत्र नव्हे’ असे म्हणून नमस्कार करून निघून जावे? यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत सभ्य दिसतो. परंतु समकालीन कलेच्या तत्त्वज्ञानाने गेल्या साठ वर्षांत जे प्रश्न उभे केले आहेत ते ध्यानात घेतले, तर तोच सर्वांत कमी समर्थनीय ठरतो.

२

१९६४ च्या वसंतात न्यूयॉर्कमधील एका कलादालनात अँडी वॉरहॉल याने साबणाच्या कपची खोकी मांडली. ब्रिलो या नावाची भांडी घासण्याची साबणकाथी ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दुकानात जाई, तशीच दिसणारी ही खोकी प्लायवुडची होती; त्यांवर मूळ खोक्यांवरील अक्षरे आणि रंग छापलेले होते. आर्थर डान्टो हा तत्त्वज्ञ ते प्रदर्शन पाहून आला आणि त्याच वर्षी त्याने ‘द आर्टवर्ल्ड’ हा निबंध लिहिला. त्याचा प्रश्न वरवर साधा होता. दुकानातील खोके आणि दालनातील खोके डोळ्यांना सारखेच दिसत असतील, तर एक कलाकृती आणि दुसरे नुसते खोके, असे कशाच्या बळावर म्हणायचे? उत्तर डोळ्यांत नाही, हे उघड होते. डान्टोच्या मते वस्तूला कलेच्या जगात आणते ते तिच्याभोवतीचे कलाविषयक सिद्धान्तांचे वातावरण आणि कलेच्या इतिहासाची जाण. पुढे १९८१ साली याच विचाराचा विस्तार करणाऱ्या ग्रंथाच्या शीर्षकात त्याने सामान्य वस्तूच्या ‘रूपान्तरा’साठी ख्रिस्ती धर्मपरंपरेतला शब्द योजला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न सर्वस्वी अपरिचित वाटण्याचे कारण नाही. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा शोध संवेदनांच्या संघटनेत घेतला. संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी बांधलेली रचना हेच सौंदर्याचे मर्म, ही त्यांची भूमिका होती. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ मधील ग्रंथाने मराठी सौंदर्यविचाराला जी शिस्त लावली, तिचे ऋण मर्ढेकरांच्या विरोधकांनीही मान्य केले आहे. परंतु ब्रिलोच्या खोक्यापुढे लयतत्त्व निरुपाय होते. दुकानातील खोके आणि दालनातील खोके यांची लय एकच आहे. मग एकाला कला म्हणून दुसऱ्याला न म्हणण्याचा आधार लयीत सापडणार नाही. लोण्याच्या गणपतीपुढे तर ते अधिकच गोंधळेल. दगडातली लय शोधावी तर ती झाकलेली, आणि लोण्यातली शोधावी तर ती उद्या उरणार नाही.

रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ साली आली. कलेची संकल्पना एकजिनसी नसून द्विध्रुवात्मक आहे, हे तिचे प्रमुख प्रतिपादन. एका ध्रुवावर कलेचे स्वायत्त, अलौकिक जग. दुसऱ्या ध्रुवावर लौकिक जीवनाशी, त्यातील ज्ञानाशी, नीतीशी आणि भावनांशी जोडलेली कला. यांपैकी एका ध्रुवाचा पुरस्कार करून दुसऱ्याला बाद ठरविणारे सिद्धान्त अपुरे पडतात, कारण आपला कलाव्यवहारच या दोहोंमधील ताणावर उभा आहे. बसवनगुडीत ही भूमिका मर्ढेकरांच्या भूमिकेपेक्षा अधिक उपयोगी पडते. नंदीच्या पाठीची भरदार, संथ रेषा पाहून थांबणारी नजर पहिल्या ध्रुवाकडे ओढली जाते. शेंगांचा पहिला पसा त्याच्यापुढे ठेवणारा शेतकरी दुसऱ्या ध्रुवावर उभा असतो. एकाच माणसाची नजर क्षणभर इकडे आणि क्षणभर तिकडे जाऊ शकते, आणि त्यात त्याला कोणताही तात्त्विक विरोध जाणवत नाही.

तथापि डान्टोच्या प्रश्नाशी खरे साम्य आढळते ते दुसरीकडे. मूर्तिकाराच्या अंगणात दोन मूर्ती तयार आहेत असे समजू. दगड एक, माप एक, हात एक. त्यांपैकी एक गाभाऱ्यात नेली, विधिपूर्वक तिचे डोळे उघडले, प्राणप्रतिष्ठा झाली. दुसरी अंगणातच राहिली. डोळ्यांना दोहोंत काही फरक दिसत नाही. तरीही पहिलीपुढे लोक हात जोडतात आणि दुसरीच्या खांद्यावर मूर्तिकार आपला सदरा वाळत घालतो. वस्तूची प्रतिष्ठा तिच्या दृश्य गुणांवर अवलंबून नसते, हे या परंपरेने गृहीतच धरले आहे. इतकेच नव्हे, तर प्रतिष्ठा काढून घेण्याची रीतही तिला ठाऊक आहे. मातीच्या गणपतीचे विसर्जन होते. खंडित मूर्ती पूजेतून बाजूला केली जाते, आणि पुष्कळदा ती वस्तुसंग्रहालयात पोहोचते. देवळाला जी नकोशी झाली नेमकी तिच्यापुढे संग्रहालय दिवा लावते. एका प्रतिष्ठेचा अंत तो दुसरीचा आरंभ, असा हा क्रम आहे.

एवढे ध्यानात आल्यावर ‘हे सारे आमच्याकडे पूर्वीच होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे, कारण तो साम्याच्या आनंदात महत्त्वाचा भेद गिळून टाकतो. प्राणप्रतिष्ठा हा विधी आहे. तो यथासांग झाला की मूर्ती देव होते; ती देव झाली की नाही यावर चर्चा करणारा भक्त नसतो. डान्टोच्या कलाजगात मात्र वस्तूची प्रतिष्ठा सतत वादात असते. कोणी म्हणतो ही कला आहे, दुसरा म्हणतो ही थट्टा आहे, आणि दोघांनाही कारणे द्यावी लागतात. ती कारणे देण्याघेण्याचा व्यवहार म्हणजेच समीक्षा. समीक्षा ही नाकारता येण्याजोगी प्रतिष्ठा आहे. ज्या दिवशी ती नाकारता येईनाशी होते त्या दिवशी समीक्षकाचा पुजारी होतो, आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेतील त्याचा लेख केवळ मंत्रोच्चार ठरतो. अर्थ कळो न कळो, तो म्हटला गेला म्हणजे पुरे!

३

म्हणून बसवनगुडीत जे पणाला लागले आहे ते केवळ परिभाषेचे नाही. ‘ही श्रद्धा आहे’ असे म्हटले की समीक्षा मागे सरते, आणि ‘ही कला आहे’ असे म्हटले की लोक मागे सरतात. या दुहेरी माघारीची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते.

पहिल्या बाजूची किंमत जुन्या देवळांत डोळ्यांना दिसते. शतकांच्या दगडावर एके दिवशी चकचकीत तैलरंग चढतो. घासून घासून मऊ झालेल्या पायऱ्यांवर स्नानगृहात शोभणाऱ्या फरशा बसतात. मंडपाच्या खांबांना पत्र्याचे छप्पर जोडले जाते. महाराष्ट्रातील गावोगावी हे घडले आहे, आणि दक्षिणेतही. हे करणाऱ्यांचा हेतू सेवेचाच असतो. त्यांना अडविणारे कोणी नसते असे नाही, पुरातत्त्वाचा कायदा असतो. परंतु कायदा फक्त नाही म्हणतो, का नाही ते समजावीत नाही. कोळसा आणि तेल यांनी नंदीला जे रूप आले ते योग्य, आणि तैलरंगाने दुसऱ्या एखाद्या मूर्तीला आले ते अयोग्य, हा विवेक कशाच्या आधारे करायचा? दोन्ही लेप भक्तीचेच. पहिला लेप दगडाच्या घडणीत मुरतो, तिची वळणे अधिक स्पष्ट करतो आणि पूजेच्या नित्यक्रमातून सावकाश साठत जातो. दुसरा घडण बुजवितो आणि एका दिवसात उरकतो. हे सांगता येते, पटविता येते, त्यावर वादही घालता येतो. अर्थात हे सांगणे म्हणजे समीक्षाच, आणि देवळाच्या अंगणात तिची गरज कलादालनापेक्षा कमी नाही.

दुसऱ्या बाजूची किंमत शहराच्या दुसऱ्या भागात, कस्तुरबा रस्त्यावर मोजली गेली. कलकत्त्याला अवनीन्द्रनाथ टागोरांच्या हाताखाली शिकलेले, पुढे म्हैसूर आणि बंगळूर येथे राहून काम करणारे के. वेंकटप्पा (१८८६–१९६५) यांच्या नावाचे शासकीय कलादालन तिथे आहे. या दालनाच्या सुधारणेसाठी शासनाने एका खासगी न्यासाशी केलेल्या कराराविरुद्ध २०१६ साली शहरातील चित्रकार आणि शिल्पकार रस्त्यावर आले. दालन सार्वजनिक आहे आणि ते सार्वजनिकच राहिले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. मागणी न्याय्य होती. परंतु तिच्यातला ‘सार्वजनिक’ हा शब्द एक अवघड प्रश्नही घेऊन येतो. नंदीसाठी कार्तिकात सारे शहर लोटते. समकालीन कलेच्या दालनासाठी शहराचा किती भाग येतो? ज्यांच्या नावाने मागणी केली त्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणे कलावंतांना आणि समीक्षकांना फारसे जमलेले नाही. समकालीन कलेविषयीचे बहुतेक लेखन इंग्रजीत होते. ते कन्नडमध्ये किंवा मराठीत आले तरी त्याची वाक्यरचना इंग्रजीच राहते.

४

‘सार्वजनिक’ हा शब्द मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत एकच आहे, आणि बसवनगुडीत तो एका इमारतीवर लिहिलेला आढळतो. १९४५ साली डी. व्ही. गुंडप्पा यांनी येथे स्थापन केलेली ‘गोखले सार्वजनिक विचार संस्था’ बुल टेम्पल रोडवर, नंदीपासून फार दूर नाही. त्याच वर्षी याच वस्तीत बी. पी. वाडिया यांची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर’ ही संस्थाही सुरू झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव कन्नड लेखकाने आपल्या संस्थेला द्यावे यात मराठी माणसाला अभिमान वाटेल, आणि तो वाटावा; पण तेवढ्यावर थांबू नये. गुंडप्पांनी गोखल्यांचे चरित्र कन्नडमध्ये लिहिले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेतून आणि भारत सेवक समाजातून गोखल्यांनी जी रीत रुजवली, ती माहिती गोळा करून, शांतपणे कारणे देऊन, प्रतिपक्षाला सज्जन मानून वाद करण्याची होती. गुंडप्पांना हीच रीत हवी होती.

गुंडप्पा (१८८७–१९७५) पत्रकार होते, राज्यकारभारावर लिहीत होते. ‘मंकुतिम्मन कग्ग’ या काव्याने ते कन्नड घराघरांत पोहोचले. परंतु याच माणसाने ‘अंतःपुरगीते’ हा गीतसंग्रहही लिहिला, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन याच्या काळी, १११७ साली प्रतिष्ठा झालेल्या बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात छताला आधार देणाऱ्या तिरप्या तीरांवर मदनिकांची शिल्पे आहेत. कोणी आरशात पाहते, कोणी पोपटाशी बोलते, कोणी नाचते. गुंडप्पांनी या एकेका मदनिकेवर गीत रचले, आणि ती गीते रागांत गाण्यासाठी आहेत. पाषाणातल्या स्त्रीला कवी विचारतो, तिच्या मुद्रेचा अर्थ लावतो, तिला केशवाच्या अंतःपुराचे रहिवासी करतो. शिल्पाचे माप तो सांगत नाही, त्याचे घराणेही सांगत नाही. तरीही ती गीते ऐकून बेलूरला गेलेला माणूस त्या मदनिकांपुढे अधिक वेळ थांबतो, आणि पूर्वी न दिसलेले मानेचे वळण त्याला दिसते. समीक्षेकडून याहून अधिक काय अपेक्षावे?

याला समीक्षा म्हणण्यास शास्त्री हरकत घेतील, आणि त्यांच्या हरकतीत तथ्य आहे. गीत प्रतिवादाला खुले नसते. मदनिका अशी नाही, तशी आहे, असे म्हणून गाण्याशी वाद घालता येत नाही. शिवाय गुंडप्पांची दृष्टी शिल्पकारापेक्षा केशवाकडे अधिक वळलेली आहे. बेलूरच्या मदनिकांखाली काही शिल्पकारांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण ही त्यांतली प्रसिद्ध नावे. नावांबरोबर बिरुदेही आहेत. भारतीय कलावंत आपले नाव पुसून टाकून देवचरणी लीन झालेला असे, या लाडक्या समजुतीला त्या अक्षरांनी चांगलाच छेद दिला आहे. दासोजाला आपले काम ओळखले जावे असे वाटत होते. म्हणजे तुलना करणारे, हा हात त्या हाताहून सरस असे म्हणणारे डोळे त्याच्यापुढे होते. देवळाच्या अंगणात समीक्षा परकी आहे, हे म्हणणे दासोजाने मान्य केले नसते.

जुन्या शास्त्रानेही ते मान्य केलेले नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात पाहणाऱ्यांचे प्रकार सांगितले आहेत. आचार्य रेषेची प्रशंसा करतात, विचक्षण लोक छायाप्रकाशाची, स्त्रियांना अलंकरण आवडते आणि इतर जनांना रंगांची श्रीमंती. या वर्गवारीतील तरतमभाव आज खटकेल, स्त्रियांविषयीचे विधान तर खटकलेच पाहिजे. पण त्यामागची एक गृहीत गोष्ट मोलाची आहे. चित्रापुढे हे सारे एकत्र उभे आहेत, आणि चित्रकाराने या सर्वांचा विचार करायचा आहे. कोणालाही दाराबाहेर काढलेले नाही. कांटने १७९० मध्ये म्हटले की ‘हे सुंदर आहे’ असे म्हणणारा माणूस केवळ आपली आवड सांगत नसतो, तो इतरांच्या संमतीची अपेक्षाही करीत असतो. ज्यांची संमती अपेक्षायची ते समोर असल्याखेरीज या अपेक्षेला अर्थ राहत नाही. समकालीन कलासमीक्षेचे दैन्य हेच आहे. ती सर्वांची संमती गृहीत धरते आणि बोलते मात्र चौघांशी.

५

जत्रेला अवकाश असलेल्या एखाद्या दुपारी नंदीच्या देवळात कलाशाळेचे विद्यार्थी वह्या घेऊन बसलेले दिसतात. अशाच एका दुपारी एक मुलगा दारापासून जरा आत, भिंतीला टेकून, कोळशाच्या कांडीने नंदीचे मुख रेखाटीत होता. हात तयारीचा होता. नाकपुड्यांची गोलाई, गळ्यातल्या माळांचा भार, कपाळाचा रुंद उतार हे सारे त्याने थोड्या रेषांत आणले होते. फुले विकणारी एक म्हातारी टोपली खाली ठेवून त्याच्या मागे उभी राहिली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिने कन्नडमध्ये विचारले, “बाळा, बसवण्णाच काढतोयस ना?”

मुलाने मान हलवली.

“चांगला आलाय. डोळे अगदी त्याचे आलेत.” ती वाकली आणि कागदाला न लागेल अशा बेताने बोट नंदीच्या मस्तकावर नेले. “पण त्रिशूळ राहिला. तो काढ. नाहीतर हा वाढत जाईल.”

मुलगा हसला. त्रिशूळ काढल्याने रचनेचा समतोल बिघडतो, ती रेषा वरती फार टोचते, म्हणून मुद्दामच सोडला, असे त्याने तिला समजावून सांगितले. समतोल या शब्दावर म्हातारी थोडी थांबली. तिने मूर्तीकडे पाहिले, मग कागदाकडे. “तिथे तर टोचत नाही,” ती म्हणाली. “तू कपाळ लहान काढलंस म्हणून टोचतो.”

मुलाने वही दूर धरली. कपाळ खरोखरच लहान होते. त्याने पान उलटले आणि म्हातारीला बाजूला बसायला जागा करून दिली.